पिस्तूल शर्टाच्या वर की शर्टाच्या आत?

प्रिय मावशी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. दोघांचं ग्रीन कार्ड झालंय. नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली तेव्हा त्याने एका मित्राबरोबर भागीदारीत गॅस स्टेशन आणि त्याला लागून असलेलं दुकान घेतलं. या उन्हाळ्यात एका रात्री तोंडाला फडकं बांधलेला एक मुलगा आत आला, पिस्तूल रोखलं आणि गल्ला घेऊन गेला. कोणाला लागलं नाही, पण तेव्हापासून नवऱ्याला धड झोप नाही. आता पिस्तूल घ्यायचं दोघांनी ठरवलंय. वाद एवढाच उरलाय की ते बाळगायचं कसं. भागीदार म्हणतो, कमरेला सगळ्यांना दिसेल असं लाव, दिसलं की कोणी वाटेला जात नाही, टेक्सासची हीच रीत आहे. नवरा म्हणतो, शर्टाखाली झाकलेलं बरं, गिऱ्हाईक बिचकतं. दीर आमच्याकडेच असतो, एच-वन-बीवर आहे. तो या दोघांना हौसेने शूटिंग रेंजवर, नेमबाजीच्या सरावाला, नेतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवाळीला सासूबाई येतायत, सहा महिने राहतील. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं नवऱ्याने बजावलंय. मला कोणी विचारलेलं नाही. विचारलंच तर काय सांगू? उघडं की झाकलेलं?

– डॅलसजवळची एक वाचक

अगं, विचारायची वाट कसली बघतेस? घरात नवा सोफा आणायचा तर चार दुकानं पालथी घालतो आपण, आणि पिस्तूल येणार ते न विचारता? नवऱ्याला बसव समोर आणि बोल.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठल्या बाजूने बोलतेय याचा तुला घोर नको. दुकानात पिस्तूल नसावंच, असं मला वाटतं. तरी घ्यायचंच ठरलं असेल तर झाकलेलं घ्यावं, उघडं मुळीच नको. पण तुझ्या पत्रात याहून मोठी गोष्ट आहे आणि तिच्यावर तुमच्या घरात कोणी भांडत नाहीये. दुकान बंद करून नवरा घरी आला की ते पिस्तूल सकाळपर्यंत कुठे असणार?

तिकडे येतेच. पण सगळ्यात आधी दिराचं, कारण त्याला उद्यावर टाकून चालणार नाही. टेक्सास बंदुकीच्या बाबतीत कितीही मोकळं असलं तरी वर फेडरल, म्हणजे साऱ्या देशाचा, कायदा आहे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला त्या कायद्याने मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असला तर सूट मिळते, असे मोजके अपवाद आहेत. बाळगणं म्हणजे विकत घेणं एवढंच नाही बरं का. रेंजवर भाड्याने घेऊन तासभर हातात धरली तरी ते बाळगण्यातच येतं. रेंजवाले पुष्कळदा ड्रायव्हिंग लायसन्स बघून आत सोडतात, व्हिसा विचारत नाहीत, म्हणून आपली पोरं बिनधास्त जातात आणि वर फोटोही टाकतात. फोटो म्हणजे स्वतःच्या हाताने लिहून दिलेला पुरावा. तेव्हा भाऊजींची रेंज बंद. आणि ते तुमच्याच घरात राहतात, म्हणून पिस्तुलाच्या पेटीची किल्ली किंवा आकडा त्यांच्याजवळ असता कामा नये. त्यांच्या ताब्यात शस्त्र होतं असं म्हणायला तेवढंही पुरू शकतं.

तुम्हा दोघांना ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे विकत घ्यायला अडचण नाही. दुकानदार फॉर्म भरून घेईल, पार्श्वभूमी तपासली जाईल. पण ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे भागीदाराला नसेल तरी तुला पक्कं माहीत हवं. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं. शेजारचा गोरा दुकानदार ज्या प्रकरणातून दंड भरून मोकळा होईल, त्यात तुमचा इथला सगळा संसार पणाला लागू शकतो. पैसे जातील ते जाऊ देत, खरेदीच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे एक तास बसून या.

आता ती ‘टेक्सासची रीत’. भागीदार कधी आलाय इथे? कारण १८७१ साली टेक्सासनेच गावात-बाजारात पिस्तूल बाळगायला बंदी घातली होती आणि ती पुढे सव्वाशे वर्षं टिकली. काऊबॉयच्या सिनेमातलं टेक्सास वेगळं आणि कायद्याच्या पुस्तकातलं वेगळं. बंदी उठण्यामागे एक भयंकर प्रसंग आहे. ऑक्टोबर १९९१मध्ये किलीन गावातल्या लुबीज नावाच्या कॅफेटेरियात एका माणसाने गाडी घुसवली आणि गोळ्या घालून २३ जणांना मारलं. सुझॅना ग्रॅशिया तिथे आईवडिलांबरोबर जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण पर्समध्ये ठेवणं बेकायदा. आई आणि वडील दोघंही त्या गोळीबारात गेले. पुढे त्या ठिकठिकाणी साक्षी देत फिरल्या, आमदार झाल्या. १९९५मध्ये राज्यपाल जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सही केली आणि १९९६पासून परवाना घेऊन पिस्तूल जवळ बाळगायला मुभा मिळाली. तीही झाकूनच. कमरेला उघडं लावायची परवानगी आली थेट १ जानेवारी २०१६ला, तेव्हासुद्धा परवाना हवाच होता. परवान्याची अट २१ वर्षांवरच्या बहुतेकांसाठी उठली ती १ सप्टेंबर २०२१ला. म्हणजे तुझ्या भागीदाराची ही पिढीजात रीत तुझ्या मुलाच्या वयाच्या आसपासची आहे.

गंमत अशी की दीडदोनशे वर्षांपूर्वी या देशात हा वाद उलट्या बाजूने चालत असे. केंटकी आणि लुइझियानाने १८१३मध्येच लपवून शस्त्र बाळगण्यावर बंदी आणली. १८४६मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, झाकण्यावर बंदी चालेल, उघड बाळगण्यावर नाही. सरळ माणूस शस्त्र उघड बाळगतो आणि ज्याच्या मनात पाप असतं तो कोटाखाली दडवतो, अशी तेव्हाची समजूत. आज झाकणारा तो सभ्य आणि दाखवणारा तो धटिंगण, असं बहुतेकांना वाटतं.

दाखवण्याचा अर्थ कोण दाखवतो यावरही ठरतो. मे १९६७मध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेची माणसं भरलेल्या बंदुका उघड्यावर घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरली. त्याच वर्षी तिथे भरलेली बंदूक रस्त्यावर उघडपणे बाळगायला बंदी आली. त्यावर सही तेव्हाचे तिथले राज्यपाल रोनाल्ड रीगन यांची. आपल्याकडेही लग्नात जाकिटाखालून पिस्तूल डोकावेल असे उभे राहणारे पुढारी तू पाहिले असशीलच. ते चोराला दाखवायला नसतं, गावाला दाखवायला असतं.

मग उघड्याच्या बाजूने काहीच नाही का? आहे की. दोन गोष्टी मला पटतात. पिस्तूल बाहेर असलं की शर्ट उचलायचा, चाचपायचं, ही भानगड नसते, हातात लवकर येतं. आणि हो, काही भुरटे चोर ते बघून पुढच्या दुकानात जात असतीलही. पंचाईत एवढीच की न पडलेला दरोडा मोजता येत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक या मुद्द्यावर छातीठोकपणे बोलतात.

पण तुमच्या काउंटरच्या मागे पाच मिनिटं उभी राहून बघ. काउंटर फार तर तीन फूट रुंद. एक गिऱ्हाईक लॉटरीचं तिकीट दाखवायला पुढे वाकलंय, दुसरं सिगारेट मागतंय, ती मागच्या फळीवर, म्हणजे नवरा वळला. त्याची पाठ गिऱ्हाइकाकडे आणि उजव्या कमरेचं पिस्तूल त्या माणसाच्या हातापासून जेमतेम वीतभर. मग दुधाचे कॅन फ्रिजमध्ये लावायला वाकायचं, कॉफीचं मशीन पुसायचं, बाहेर पंपाशी जाऊन कार्ड का चालत नाही ते बघायचं. दिवसभर दोन्ही हात कामात आणि लक्ष दहा ठिकाणी. पोलीस उघडं पिस्तूल बाळगतात, पण त्यांच्या होल्स्टरला, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाला, दोन-तीन खटके असतात, ते ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नाही, आणि कोणी हिसकायला आलं तर काय करायचं याचा त्यांना सराव दिलेला असतो. तुमच्या भागीदाराने ऑनलाइन मागवलेलं पट्ट्याचं होल्स्टर तसलं नसणार, पैज लावते.

दुसरं म्हणजे ज्याला खरोखर लुटायचंय तो आधी आत येऊन बघून जातो. उघडं पिस्तूल दिसलं की त्याला दोन वाटा असतात, निघून जायचं किंवा आधी त्याच माणसाचा बंदोबस्त करायचा. कुठली वाट घेईल हे तुम्ही ठरवत नाही, तो ठरवतो. सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्यूलर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९८३मध्ये एक हिशेब मांडला होता, जो अजून शिकवला जातो. चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तयारीच्या पोलिसालाही पिस्तूल काढून गोळी मारायला तेवढाच वेळ लागतो. तुमच्याकडे २१ फूट नाहीत, तीन आहेत. समोरच्याचं पिस्तूल आधीच रोखलेलं आहे. त्या क्षणी आपलं पिस्तूल शर्टाच्या वर होतं की आत, याने काय फरक पडणार? त्या रात्री नवऱ्याने गल्ला देऊन टाकला, तेच शहाणपणाचं होतं. हे त्याला कोणी सांगितलंय का? तू सांग. मला वाटतं, त्याच्या मनात कुठेतरी आपण घाबरलो, नुसते बघत राहिलो, हे सलतंय.

आता जे लिहितेय ते आपल्यातले लोक उघड बोलत नाहीत. २०१६च्या जुलैमधल्या लागोपाठच्या दोन तारखा आहेत. ६ जुलैला मिनेसोटातल्या फाल्कन हाइट्समध्ये पोलिसांनी फिलँडो कॅस्टिल यांची गाडी थांबवली. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा कृष्णवर्णीय माणूस, पिस्तूल बाळगायचा परवाना असलेला. त्यांचं पिस्तूल झाकलेलं होतं, खिशात. त्यांनी आपण होऊन, शांतपणे अधिकाऱ्याला सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. काही सेकंदांत त्या अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्यांची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी खटल्यात तो अधिकारी निर्दोष सुटला. दुसऱ्याच दिवशी, ७ जुलैला, तुमच्या डॅलसमध्ये या प्रकाराच्या निषेधाचा मोर्चा निघाला. मोर्चातले काही लोक कायद्याने मुभा आहे म्हणून रायफली खांद्याला लावून आले होते. कोणीतरी दबा धरून पोलिसांवर गोळीबार केला, पाच पोलीस गेले. त्या धावपळीत रायफल घेतलेल्या एका मोर्चेकऱ्याचा फोटो पोलिसांनी संशयित म्हणून सोशल मीडियावर टाकला. तो बिचारा आपली रायफल आपणहून पोलिसाच्या हाती देऊन मोकळा झाला होता, गोळीबाराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण तोवर त्याचा चेहरा देशभर फिरला होता. एवढ्या लोकांच्या खांद्यावर बंदुका असताना खरा मारेकरी कोणता हे ओळखणं अवघड गेलं, असं तिथले पोलीसप्रमुख आणि महापौर दोघंही नंतर म्हणाले.

तुझ्या नवऱ्याचा रंग गव्हाळ आहे, दाढी असेल, बोलण्यात सोलापूर किंवा नाशिक डोकावत असेल. रात्री अकराला दुकानात दरोडा पडतो, कोणीतरी ९११ फिरवतं, पोलीस काच ढकलून आत येतात. त्यांना पिस्तूल असलेला एक माणूस दिसतो. तो दुकानाचा मालक आहे हे त्यांना कोणी सांगितलंय? म्हणून उघडं नको, हे माझं उत्तर, आणि झाकलेलं असलं तरी निर्धास्त होऊ नका हे त्याच उत्तरातलं उरलेलं अर्धं. गाडी थांबवली की हात स्टिअरिंगवर, दिवा लावलेला, आणि सांगितल्याशिवाय खिशाकडे हात नाही. ओळखपत्र मागितलं तर टेक्सासमध्ये परवानाधारकाने परवानाही पुढे करायचा असतो. दुकानातून ९११ला फोन करायची वेळ आली तर मालक कोण, त्याने कुठल्या रंगाचा शर्ट घातलाय, हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

परवान्यावरून आठवलं. आता सक्ती नाही म्हणून नवरा परवाना काढायचा कंटाळा करेल. करू देऊ नकोस. चार ते सहा तासांचा वर्ग, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून कागदी आकृतीवर ५० गोळ्या, आणि ४० डॉलर फी. एवढ्याने कोणी निष्णात होत नाही, पण पहिल्यांदा पिस्तूल हातात धरणाऱ्याची भीड आणि घमेंड दोन्ही थोडी उतरते. शिवाय शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेण्यावर वेगळा फेडरल कायदा आहे, आणि राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. तुमच्या भागात हजार फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधून दाखव!

झाकून बाळगणाऱ्यांचे व्हिडिओ बघून ते फार सोपं वाटतं, तसं नाहीये. डॅलसच्या ऑगस्टमध्ये दोन शर्ट घालून उभं राहायचं. खाली वाकलं की आकार उमटतो. आणि स्वच्छतागृहात गेलं की पट्टा सैल होतो, पिस्तूल कुठेतरी टेकवावं लागतं, टाकीवर नाहीतर खुंटीवर. ते तिथेच विसरून बाहेर पडणारे लोक आहेत, प्रशिक्षित लोकही. गणपतीला तुमचं मंडळ शाळेचं सभागृह भाड्याने घेत असेल तर तिथे पिस्तूल नेणं गंभीर गुन्हा आहे, झाकलेलं असो की उघडं. मग ते गाडीत ठेवणार. आणि गाडीतून चोरीला गेलेली पिस्तुलं पुढे कोणाच्या हातात जातात हे वेगळं सांगायला नको. तुमच्या दुकानात आलेल्या त्या मुलाकडचं कुठून आलं असेल?

गिऱ्हाइकांपैकी कोणी कमरेला लावून आलं तर काय, हे तू विचारलं नाहीस, पण दुकान तुमचं आहे म्हणून सांगते. परवानाधारकाने उघडं पिस्तूल आणू नये, अशी पाटी लावायचा हक्क तुम्हाला आहे. टेक्सासमध्ये तिला कलमाच्या आकड्यावरून ३०.०७ची पाटी म्हणतात. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान इंचभर उंचीच्या अक्षरात, प्रत्येक दारावर. झाकलेल्यासाठी ३०.०६ वेगळी, बिनपरवान्यावाल्यांसाठी ३०.०५ वेगळी. ऑगस्ट २०१९मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, २३ जण गेले, त्यानंतर महिन्याभरात वॉलमार्टने गिऱ्हाइकांना विनंती केली की दुकानात बंदुका उघड्या घेऊन येऊ नका. एवढ्या मोठ्या दुकानदाराला ते सांगायला संकोच वाटला नाही, तुम्हालाही वाटायचं कारण नाही. फक्त मालकाने स्वतः उघडं लावायचं आणि गिऱ्हाइकाला पाटी दाखवायची, हे शोभणार नाही.

पिस्तुलाचे पैसे मला विचारशील तर दुसरीकडे घालावेत. फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल शहराने १९८६मध्ये रात्री उघड्या राहणाऱ्या अशाच दुकानांसाठी नियम केले. काचेवरची पोस्टरं काढा म्हणजे रस्त्यावरून गल्ला दिसेल. पार्किंगमध्ये लख्ख उजेड ठेवा. कॅमेरा लावा. गल्ल्यात थोडीच रोकड, बाकीची अशा तिजोरीत की जी दुकानातल्या माणसालाही लगेच उघडता येत नाही. पुढच्या वर्षी रात्री दोन माणसं हवीत हाही नियम आला. दरोडे खूपच कमी झाले. त्यात कुठल्या नियमाचा वाटा किती, यावर अभ्यासक पुढे भरपूर भांडले, ते भांडू देत. तुझ्या दुकानाच्या काचेवर बिअरच्या आणि लॉटरीच्या किती जाहिराती चिकटल्यात बघ. त्या काढायला एक ब्लेड पुरतं.

आता घर.

अमेरिकेत २०२३मध्ये बंदुकीने ४६ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या २७ हजारांहून जास्त आत्महत्या होत्या. टीव्हीवर दरोडे आणि शाळेतले गोळीबार दिसतात, हे दिसत नाही. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त प्रौढांची बारा वर्षांची माहिती तपासून २०२०मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) असलेल्या पुरुषांचं स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण हँडगन नसलेल्या पुरुषांच्या सुमारे आठपट निघालं, बायकांमध्ये तर पस्तीसपट. त्याच संशोधकांनी दोन वर्षांनी आणखी एक बाजू मांडली: स्वतःची बंदूक नाही पण बंदूकवाल्याबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण, बंदूक नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून जास्त. ती दुसरी माणसं म्हणजे तू आणि सासूबाई.

तू तुझ्या पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलीस की नवऱ्याला धड झोप नाही. मी त्या ओळीवर अडकले. नोकरी गेलेला, कर्ज काढून धंद्यात उतरलेला, पिस्तूल रोखलं गेलेला आणि महिनोन् महिने न झोपलेला माणूस, आणि त्याच्या उशाशी भरलेलं पिस्तूल. अशुभ बोलतेय असं वाटेल तुला, पण कोणीतरी बोलायला हवं. पिस्तुलाआधी डॉक्टर. असा प्रसंग अंगावर आलेल्या माणसासाठी उपचार आहेत, औषधांनी आणि बोलून. झोप सुधारेपर्यंत खरेदी पुढे ढकल एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. काही काळंबेरं वाटलं, रात्री-अपरात्री, तर ९८८ हा मानसिक संकटातल्या मदतीचा नंबर आहे. तू फोन केलास तरी चालतो, ज्याला त्रास आहे त्यानेच करावा असं नाही.

तरीही आणलंच, तर कमरेवर तरी असावं नाहीतर कुलपात. मधली जागा नाही. कपाटावर, उशीखाली, गाडीच्या कप्प्यात, ‘मुलाचा हात पोचत नाही’ अशा फळीवर, यातलं काही नाही. नऊ वर्षांच्या मुलाला खुर्ची सरकवता येते आणि तुमच्या फोनचा पासवर्ड त्याला पाठ आहे. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर टेक्सासमध्ये ठेवणाऱ्याचा तो गुन्हा ठरतो. पटकन उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने बसवलेली छोटी पेटी मिळते, ती पिस्तुलाच्या आधी घरात यावी. मुलाला घाबरवू नकोस, पण सांगून ठेव: आपल्या घरी, मित्राच्या घरी, कुठेही बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. त्याच्या मित्रांच्या आईबापांना खेळायला पाठवण्याआधी तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात असते का, हे विचारायला लाजू नकोस. इथे हा प्रश्न बदाम-शेंगदाण्याच्या ॲलर्जीइतकाच साधा समजतात, निदान समजायला हवा.

आणि सासूबाई. त्यांना कळू द्यायचं नाही म्हणे! सहा महिने राहणार, सकाळी तुम्ही दोघं बाहेर, मुलगा शाळेत, टीव्हीवर मराठी वाहिनी कंटाळा येईपर्यंत. तिसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरातले डबे पुसून लावतील, दुसऱ्या आठवड्यात मुलाची कपाटं, आणि महिन्याभरात तुमच्या बेडरूममधलं सगळं नीट घडी घालून ठेवलेलं असेल. आई आहेत त्या, आवरणारच. तेव्हा त्या आल्यावर दोन दिवसांत, जेटलॅग उतरला की, नवऱ्यानेच त्यांना सांगायचं. तू नाही, त्याने. आई, दुकानात असं असं झालं होतं, म्हणून हे घेतलंय, ते या पेटीत असतं, पेटी उघडायची नाही, हलवायची नाही, पुसायचीही नाही. त्या रडतील, रागावतील, दुकान विकून परत चला म्हणतील. ते सगळं त्याने ऐकून घ्यायचं. आणि आईला हे सांगायची त्याची हिंमत होत नसेल, तर पिस्तूल घरात आणूच नकोस म्हणावं.

– मावशी